म्युनिचच्या गरिबांचे सूप

मैत्रिणींनो, जर्मनीतल्या म्युनिचला जायचा योग आलाच, तर तिथल्या इंग्लिश गार्डनमध्ये एक दुपार जरूर घालवा. दाट झाडी, खळाळते ओढे आणि चिनी धाटणीचा उंच लाकडी मनोरा! ही बाग १७८९ साली ज्याच्या पुढाकाराने आकाराला आली, तो काउंट रम्फर्ड. जन्माने अमेरिकन, उष्णतेचा अभ्यास केलेला शास्त्रज्ञ. पण आपण त्याला भेटायचं ते स्वयंपाकघरात.

त्या काळी म्युनिचमध्ये भिकाऱ्यांचा सुळसुळाट होता. १ जानेवारी १७९० रोजी रम्फर्डने त्यांना शिपायांकरवी धरून आणवले आणि काम दिले. दुपारी गरम जेवणही. रोज हजारावर पाने, पैसा थोडा, सरपणही बेताचे! त्याने बंदिस्त चुली बांधल्या आणि बार्ली, वाटाणे व बटाट्यांचे सूप ठरवले.

गंमत अशी, की तिथल्या लोकांना बटाट्याचा भारी तिटकारा. म्हणून एका कोपऱ्यातल्या खोलीत बटाटे गुपचूप शिजवून, पार घोटून सूपात मिसळत. चव आवडल्यावर मग उघडपणे! मुलांना नको असलेली भाजी आपणही अशीच खपवतो, नाही का?

चौघांसाठी अर्धी वाटी बार्ली, रात्रभर भिजवलेले अर्धी वाटी सुके वाटाणे, तीन बटाटे आणि आठ वाट्या पाणी घ्या. बार्लीला उकळी आली की वाटाणे घाला. मंद आचेवर दोनेक तास शिजू द्या. मग सोललेल्या बटाट्यांच्या फोडी घालून आणखी तासभर, लाकडी डावाने घोटत राहा. लागेल तसे गरम पाणी वाढवा. मीठ आणि दोन चमचे व्हिनेगर अगदी शेवटी. आंबट आधी पडले तर वाटाणे दडदडीत राहतात, हे तुम्हाला काय सांगायचं! कुकर लावायचा असेल तर अर्ध्याहून जास्त भरू नका, बार्लीला फेस येतो.

पाण्यानेच पोषण वाढते, असे रम्फर्डला वाटे. ते काही खरे नाही. दाटपणा येतो तो बार्ली-बटाट्याच्या पिठूळपणामुळे. पण धान्य आणि कडधान्य यांची जोडी मात्र उत्तम, आपल्या वरणभातासारखीच.

शिळ्या पावाचे तुकडे मात्र वाढतानाच घालायचे, असा त्याचा आग्रह. ते कुरकुरीत असले की चावावे लागतात, आणि जेवणाचा आनंद जास्त वेळ टिकतो. पाहा, फुकटच्या जेवणातही माणसाला चव हवी, हे त्याने ओळखले होते. महिनाअखेरीला डाळीत पाणी वाढवतानाही आपण वरून लसणीची खमंग फोडणी देतोच ना? तेच हे. पावाचे तुकडे तुपावर परता, आणि वाढायला मुळीच उशीर करू नका.