राणीची हौस, नेपल्सची माती

नेपल्सला गेलेला प्रवासी पोम्पेई पाहतो, व्हेसूव्हियस पाहतो आणि परततो. आमच्या हाती एक दिवस जास्त होता, म्हणून हे आणि मी शहराच्या वर, कापोदिमोन्तेच्या टेकडीवर गेलो. तिथल्या जुन्या राजवाड्यात आता संग्रहालय आहे. मला पाहायच्या होत्या तिथल्या पोर्सिलेनच्या, म्हणजे उंची चिनी मातीच्या वस्तू.

या मातीची गोष्ट एका सासुरवाशिणीपासून सुरू होते. १७३८ साली सॅक्सनीची राजकन्या मारिया अमालिया नेपल्सचा राजा चार्ल्स याची राणी होऊन आली. वय अवघे तेरा! युरोपातला पहिला अस्सल पोर्सिलेनचा कारखाना, माइसेनचा, तिच्याच आजोबांनी १७१० साली काढलेला. माहेरी असे वैभव, मग सासरी का नको? १७४३ मध्ये राजाने वाड्याच्या बागेतच कारखाना सुरू केला.

अडचण होती मातीची. माइसेनला केओलिन ही कसदार पांढरी माती मिळे. नेपल्सला ती नव्हती. मग निरनिराळ्या माती कालवून पाहिल्या गेल्या. त्यातून जे पोर्सिलेन साधले ते थोडे नाजूक, पण रंगाने सायीसारखे. ज्युसेप्पे ग्रिची हा तिथला मुख्य मूर्तिकार. त्याने देवादिकांबरोबर कोळी, फेरीवाले आणि नाटकातले विदूषकही घडवले.

एक वीतभर बाहुली, पण तिचा व्याप केवढा! आधी नमुना घडवायचा. त्याचे हात, डोके, धड वेगळे करून प्रत्येकाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा. साच्यातून निघालेले भाग पातळ मातीने सांधायचे. भट्टीत माती आकसते, म्हणून पसरलेल्या हाताला मातीचेच टेकू द्यायचे. नाही तर हात वाकलाच म्हणून समजा. मग झिलई, मग रंग, आणि दर वेळी पुन्हा भट्टी.

संग्रहालयात राणीसाठी केलेली एक अख्खी खोलीच आहे. भिंतींवर फुले, पक्षी, माकडे, चिनी माणसे. तीन हजारांहून अधिक तुकडे जोडून केलेली! मूळची ती पोर्तिचीच्या वाड्यातली. १७५७ ते १७५९ मध्ये घडवली आणि १८६६ साली इथे आणून बसवली.

पण खोली पुरी होते न होते तोच, १७५९ मध्ये, चार्ल्सला स्पेनची गादी मिळाली. त्याने कारागीर, त्यांची कुटुंबे, साचे, टनावारी माती, सारे माद्रिदला नेले. मागे राहिला तो नेपल्सच्या गादीवर बसवलेला आठ वर्षांचा मुलगा, फर्डिनांड. आई पुढच्याच वर्षी माद्रिदमध्ये वारली. मायलेकांची पुन्हा भेट झाली नाही. याच मुलाने मोठेपणी, १७७१ मध्ये, नेपल्सच्या राज्यात पोर्सिलेनचा कारखाना पुन्हा उभा केला. राजकारण असेलही; मला मात्र त्यात आईची आठवण दिसली.

मुकुट आणि त्याखाली ‘एन’ ही खूण या मुलाच्या कारखान्याची. राणीच्या काळची खूण लिलीचे निळे फूल, आणि पुष्कळ वस्तूंवर तर खूणच नाही. पुढे मुलाचाही कारखाना बंद पडला. मग फ्लोरेन्सजवळच्या जिनोरी कारखान्याने आणि इतर कित्येकांनी मुकुटाचा ‘एन’ आपल्या मालावर उमटवला. तेव्हा मैत्रिणींनो, कुणी तळाचा ‘एन’ दाखवून “राणीच्या वेळची मूर्ती” म्हणून विकू लागला, तर हसून पुढे जा. किंमत द्यायचीच तर खुणेला देऊ नका; चेहरा, बोटे, पाकळ्या यांची नजाकत पाहून द्या.

आणि अशी मूर्ती घरात असेलच, तर ती हाताला किंवा फुलाला धरून उचलू नका. तळाखाली हात घाला, धूळ मऊ ब्रशने काढा. ज्या बोटांना भट्टीत टेकू लागतो, त्यांना आपल्या घरीही जपावेच लागते.