चिंध्यांचे बिऱ्हाड

ज्या घरात कोणाला शिवणटिपणाचा, विणकामाचा अथवा भरतकामाचा नाद असतो, त्या घरात भाडे न देणारे एक पोटबिऱ्हाड सुखाने नांदत असते. प्रथम ते अगदी भिडस्तपणे एका कापडी पिशवीतून येते. चार रिळे, दोन सुया, पोलक्याचे उरलेले वीतभर कापड, एवढाच त्याचा संसार. वर्षभराने पाहावे, तर कपाटाचा एक खण, पलंगाखालची ट्रंक आणि खिडकीतला कोनाडा इतकी जागा त्याने बळकावलेली असते. मग घरातील पुरुषमंडळी ‘हा पसारा एकदाचा काढून टाका’ असा हुकूम सोडतात. त्यांच्या स्वतःच्या खणातील किल्ल्या हरवलेली कुलुपे आणि वाकडे खिळे यांना मात्र पसारा म्हणावयाचे नसते. ते ‘लागणारे सामान’ असते!

यावर बाजाराने एक तोडगा काढून ठेवला आहे. कप्प्याकप्प्यांच्या, आरपार दिसणाऱ्या सुबक पेट्या दुकानोदुकानी मिळतात. त्या पाहून माझाही जीव क्षणभर लोभावतो. परंतु आत ठेवावयाच्या बटणांहून पेटी महाग पडावी, हा व्यवहार माझ्या मध्यमवर्गीय मनाला पटत नाही. शिवाय घरात रिकाम्या डब्यांचा काय दुष्काळ आहे? बिस्किटांचा पत्र्याचा डबा, मिठाईचे खोके, औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटल्या ही सारी सेना हुकमाची वाट पाहत उभीच असते. आठ आगपेट्या एकीवर एक चिकटवून, प्रत्येकीच्या खणाला एकेक मणी ओवला, की हूक, टिकल्या आणि टिचबटणे यांच्यासाठी आठ खणांचे कपाट तयार होते. त्याला खर्च येतो तो चमचाभर खळीचा.

तथापि डबे मिळाले म्हणजे काम झाले असे नव्हे. प्रत्येक वस्तूचा स्वभाव निराळा, आणि तो ओळखला नाही तर फुकटचा डबाही महागात पडतो. सुईचा वैरी पावसाळा. कोकणातल्या आषाढात उघडी राहिलेली सुई श्रावणात कापडावर तांबडा डाग पाडते. तेलाचे बोट फिरवलेल्या फलालिनीच्या तुकड्यात ती टोचून ठेवली, की चातुर्मास निर्धास्त जातो. लोकरीची वैरीण कसर. ती सुताच्या वाटेला जात नाही, पण मळलेली लोकर तिला विशेष रुचते. म्हणून लोकर धुऊन, कडक उन्हे दाखवून, वेखंडाच्या तुकड्यासह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. खऱ्या जरीत चांदी असते आणि चांदीला गंधक सोसत नाही. रबराच्या पट्टीत गंधक असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जरीच्या काठाची गुंडाळी रबराने बांधावी आणि काही महिन्यांनी ती नेमकी तेवढ्याच जागी काळी पडलेली दिसावी, यात नवल नाही. जुन्या धोतराचा मऊ तुकडा हेच तिचे खरे घर.

भरतकामाच्या रेशमी व सुती लडींची गोष्ट थोडी नाजूक आहे. फ्रान्समधील म्युलूझ गावी १७४६ साली उदयास आलेल्या घराण्याची ‘डीएमसी’ ही तीन अक्षरे भरतकाम करणाऱ्यांना परिचित आहेत. अशा लडींवर रंगाचा क्रमांक छापलेला असतो. पहिल्या उत्साहात कागदी वेष्टण काढून फेकले, की मोराचा गळा अर्ध्यावर असताना लड संपते आणि दुकानदार नऊ निळे रंग समोर मांडून आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. मी जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कडांना खाचा पाडते, लड त्यावर गुंडाळते आणि कोपऱ्यात क्रमांक लिहिते. अनेक वधूवरांची नावे अशी निळ्या-हिरव्या धाग्यांखाली सुखाने झाकली गेली आहेत.

ही टापटीप मला कोणत्याही पुस्तकाने शिकवली नाही. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले, आणि शिवण ही बाईची केवळ करमणूक नसून तिच्या पोटाचा आधारही होऊ शकते, ही जाणीव पुढे गावोगावच्या वर्गांतून पसरत गेली. माझी एक आत्या अशाच एका वर्गात शिकली होती. ऐन तिशीत तिचे कुंकू पुसले गेले. पदरी दोन मुले. काही वर्षे ती एका भावाकडे राहिली, काही दुसऱ्याकडे. हातमशीन आणि एक ट्रंक एवढ्यावर तिने परकर-पोलकी शिवून मुलांच्या शाळेची फी भरली. त्या ट्रंकेत बॉबिनी पेपरमिंटच्या डबीत असत, खडू आणि टेप चष्म्याच्या जुन्या घरात, कापडाचे तुकडे रंगवार गुंडाळून उभे केलेले. दिवा गेला असता ती अंधारात हात घाली आणि नेमके पांढरे रीळ बाहेर काढी. आम्हां मुलांना ती जादू वाटे. दुसऱ्याच्या घरात आपला एक दोरा जरी कोणाच्या पायात आला, तरी ‘पसारा’ हा शब्द उद्या आपल्यालाच उद्देशून उच्चारला जाईल, हे ती पुरते जाणून होती. मावळत्या उन्हाबरोबर मशीनवर झाकण पडे, ट्रंक भिंतीशी सरके, आणि तिथे दिवसभर कोणी कष्ट केले याची खूणही उरत नसे.

माझ्यावर तशी वेळ नाही. घर माझे आहे. पण दुपारची झाकपाक उरकल्यावर चहाची वेळ होईपर्यंत जो पाऊण तास हाती लागतो, तो मात्र आत्याच्या जागेइतकाच तुटपुंजा. त्यातली वीस मिनिटे कात्री शोधण्यात गेली, की हातातले काम तसेच ठेवून द्यावेसे वाटते. चार दिवस असे झाले, की ते काम ट्रंकेच्या तळाशी जाते. आवड मेली असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा हरवलेली असते फक्त कात्री.

काय ठेवावे आणि काय टाकावे, हा प्रश्न याहून बिकट. वीतभर तुकडा गोधडीला, चार बोटांचा ठिगळाला, त्याहून लहान ते सुयांच्या उशीत भरावयाला, असा आत्याचा दंडक मीही पाळते. परंतु मुलाच्या पहिल्या झबल्याचा तुकडा चार बोटांहून लहान असला तर? तो उशीत कोंबण्यास हात धजत नाही. अशा वस्तूंसाठी मी ‘किरकोळ’ अशी चिठ्ठी लावलेला एक डबा केला आहे. दर दिवाळीला तो निर्दयपणे रिकामा करावयास घेते. गेल्या खेपेस त्यातून निघाले एक शिंपल्याचे बटण, आईच्या इरकलीचा बोटभर काठ, अर्धा विणलेला पायमोजा आणि आत्याच्या हाताची, मधोमध खोलगट झालेली खडूची वडी. बटण तेवढे आगपेटीच्या खणात गेले.