शेऱ्या

शेऱ्या आमच्याकडे आला तेव्हा केशोरीत मिरचीचे दिवस होते. अंगणात लाल मिरची वाळत पडलेली आणि तिच्या कडेला बसून हे भुरकट पिल्लू सारखं शिंकत होतं. एक कान उभा, दुसरा दुमडलेला. तो कान शेवटपर्यंत तसाच राहिला. आई म्हणाली, "राहू दे, बांधीवर सोबत होईल." आमच्या गावात कुत्रं असंच घरचं होतं.

बांधीवरची सोबत त्याने मनापासून केली. रोवणीच्या दिवसांत बाया पऱ्हे लावत पुढे सरकत, तसा हा धुऱ्यावरून एकेक पाऊल पुढे जाऊन बसे. शिदोरीच्या गाठोड्याजवळ कावळ्याला येऊ देत नसे आणि स्वतःही तोंड लावत नसे. बाबांची सायकल वळणावर यायच्या आत त्याला कळे. माणूस आलं की तो आधी त्याचे पाय हुंगे. चप्पल, टाचा, साडीचा काठ, सगळं हुंगून चाटून झालं की मग शेपूट हलायची. कोण कुठून आलं, हे तो पायांवरूनच ओळखी.

त्याची हीच सवय पुढे आमच्या काळजीची झाली.

मी शिकायला नागपूरला गेले आणि सुटीच्या दिवशी तिथल्या एका प्राणी निवाऱ्यात जाऊ लागले. पिंजरे धुणं, भांडी घासणं, जखमी कुत्र्यांना धरून ठेवणं, अशी कामं. पहिल्याच आठवड्यात तिथल्या जुन्या कामगार मावशींनी विचारलं, "घरी कुत्रं आहे का?" हो म्हटल्यावर त्यांनी मला आजारी पिल्लांच्या खोलीच्या दारातच थांबवलं. आधी निरोगी पिल्लं, मग मोठी कुत्री, आजारी सगळ्यात शेवटी, हा तिथला क्रम. तो उलटा कधीच करायचा नाही.

पार्व्होने आजारी पिल्लू मी तिथेच पाहिलं. उलट्या, रक्ताची हगवण, दोन दिवसांत नुसतं कातडं. हा आजार 1978च्या सुमारास जगभर एकदम पसरला, त्याआधी कुत्र्यांमध्ये तो माहीत नव्हता. विषाणू विलक्षण चिवट आहे. सावलीतल्या मातीत महिनोन् महिने टिकतो, सॅनिटायझरला दाद देत नाही, साध्या फिनेलनेही मरत नाही. मरतो तो क्लोरीनने, तेही चिखल-घाण आधी घासून काढली असेल तरच. कुत्र्यांच्या दुसऱ्या आजाराची, डिस्टेंपरची, रीत वेगळी. तो उन्हाने आणि साबणाने लवकर मरतो, पण आजारी कुत्र्याच्या शिंकेतून, नाकातल्या पाण्यातून पसरतो. त्यातून वाचलेल्या कुत्र्याला कधीकधी पुढे झटके येत राहतात.

निवाऱ्यातली फरशी धुता येते. आमचं अंगण शेणाने सारवलेलं. त्यावर ब्लीचिंग पावडरचं पाणी कितीही ओता, शेणामातीतच त्याची ताकद संपते. म्हणजे आमच्यासारख्या घरात एकदा शिरलेला पार्व्हो बाहेर काढणं जवळजवळ अशक्य. त्याला थांबवायचं ते फाटकाबाहेर, ही गोष्ट आईला माझ्याहून लवकर पटली. निवाऱ्यातले कपडे आणि बूट मी नागपुरातच ठेवी. तरी साकोलीला गाडी बदलून मी गावी पोचले की आई फाटकाशी बादली घेऊन उभी असे. चपला घासून दहा मिनिटं त्या पाण्यात, मी थेट न्हाणीत. तोवर शेऱ्या सपरीतल्या खांबाला बांधलेला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडत. आई त्याला समजावे, "काहून बोंबलतं रे, येऊनच रायली ना ते."

लस तर पहिल्या वर्षापासून होतीच. ती थंड ठेवावी लागते, म्हणून मी थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणी आणि जनावरांचे डॉक्टर ती टोचत. पिल्लाला तीच लस पुन्हापुन्हा का, असं बाबा विचारत. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने टोचत राहायचं, मग वर्षाने पुन्हा. आमच्याकडे धानाच्या बांध्यांत पाणी साचलेलं असतं, उंदीर असतात, त्यामुळे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस दरवर्षी. रेबीजचीही चुकवायची नाही.

एका पावसाळ्यात आमच्या गल्लीतली पिल्लं हगवणीने गेली, एकामागून एक. शेऱ्या त्याच गल्लीतून रोज हिंडत होता. त्याला काही झालं नाही.

मला त्याहून मोठी काळजी रानाची वाटते. केशोरीच्या आसपास जंगल आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 साली झाला, पण तिथली रानकुत्री त्याच्या कितीतरी आधीपासून प्रसिद्ध आहेत. गावचं कुत्रं मोहफुलाच्या दिवसांत माणसांमागे रानात जातं, तिथल्या पाणवठ्यावर पाणी पितं, आणि आजारी असेल तर आजार तिथे सोडून येऊ शकतं. 1994 साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह डिस्टेंपरने मेले. 2018 साली गीरमध्ये सिंह मरू लागले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तोच विषाणू ओळखला. रानकुत्र्यांच्या कळपाला तर तो सहज गाठू शकतो, कारण ती कुत्र्याच्याच कुळातली, एकमेकांना चाटत-हुंगत राहणारी. शेऱ्याला टोचलेली सुई त्यांच्याही कामाची होती, असं मी मानते.

शेऱ्या म्हातारा होऊन गेला. शेवटी त्याला ऐकू येत नव्हतं, सायकल दारात आली तरी कळत नसे, पण पाय मात्र तो हुंगायचाच. त्याला आम्ही सांदवाडीत पुरलं.

मी अजूनही थर्मास आणते. पूर्वी त्यात एकच कुपी असायची. आता गल्लीतल्या पिल्लांच्या कुप्या असतात, आणि निघायच्या आधी आई फोनवर कोणाचं पिल्लू किती आठवड्यांचं झालं ते सांगते.