कोरी पाटी

नवा माठ घरीं आणला म्हणजे त्यांत लगेच प्यावयाचें पाणी कोणी भरीत नाहीं. एक-दोन दिवस पाणी भरून तें ओतून द्यावें लागतें. ह्यांत कुंभारावर अविश्वास नसतो. गेल्या महिन्यांत आम्हीं नवा लॅपटॉप घेतला तेव्हां ही रीत आम्हांस आठवली. मात्र येथें अविश्वासही थोडा होताच.

झांकण उघडतांच आमच्या आधीं तेथें बिऱ्हाड थाटून बसलेली मंडळी दृष्टीस पडली. महिनाभर फुकट राखण करून पुढें पैसे मागणारा एक विषाणुरक्षक, न मागितलेले खेळ, आणि घटकेघटकेला कोपऱ्यांतून डोकावणारी 'नोंदणी करा' ही सूचना! घर आम्हीं विकत घ्यावें आणि ओटीवर परक्यांनीं पत्ते कुटावे, असा तो प्रकार. शिवाय आमचें वीस वर्षांचें लेखन व बँकेचे हिशेब ह्याच यंत्रांत राहावयाचे होते. २०१५ सालीं लेनोव्होच्या कांहीं लॅपटॉपांत आढळलेला 'सुपरफिश' हा असाच आगंतुक. जाहिराती दाखविण्यासाठीं तो कुलूपबंद संदेशांच्याही मध्यें जाऊन बसे. शेवटीं त्याला काढण्याचें साधन कंपनीलाच पुरवावें लागलें.

तेव्हां सर्व पुसून विंडोज ११ नव्यानें घालण्याचें आम्हीं ठरविलें. ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला. परवान्याची किल्ली मदरबोर्डावरील चिपमध्येंच लिहिलेली असल्यामुळें ती हरवण्याचें भय नव्हतें. डिस्कचे जुने विभाग एकामागून एक पुसले, आणि त्या रिकाम्या जागेकडे पाहून आम्हांस मोठें समाधान वाटलें.

तें फार वेळ टिकलें नाहीं. काम अर्ध्यावर आलें तोंच यंत्रानें इंटरनेटची जोडणी मागितली, आणि वायफायचा ड्रायव्हर तर आम्हीं स्वहस्तें पुसलेल्या पसाऱ्यांतच होता! आगंतुकांबरोबर घरचा गडीही आम्हीं हांकलून दिला होता. अखेर शेजारच्या मुलानें आपल्या यंत्रावर तो उतरवून पेनड्राइव्हवर आणून दिला. "काका, हें आधीं घेऊन ठेवायचं असतं," एवढेंच तो म्हणाला.

विंडोजबरोबर तिचे स्वतःचे कांहीं सोयरे आलेच. त्यांतल्या कित्येकांस आम्हीं निरोप दिला, कांहींस देतां आला नाहीं. पूर्ण मालकी कोणाच्या वांट्यास येत नाहीं, असें दिसतें. परंतु यंत्रांत कोण राहतें, हें आतां आम्हांस ठाऊक आहे. मुलानें दिलेला पेनड्राइव्ह टेबलाच्या खणांत जपून ठेविला असून, त्यावर आम्हीं चिठ्ठी चिकटविली आहे: 'पुसूं नये.'