दारावरची ॲश-ट्रे

विमानप्रवासाचं आता पूर्वीइतकं अप्रूप राहिलेलं नाही. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली आई, आखातातल्या मुलाकडे महिनाभर राहायला जाणारी आजी, सुट्टीत काश्मीर गाठणारं कुटुंब, अशी आपली माणसं हल्ली विमानतळावर एस.टी. स्टँडसारखी भेटतात. पुढच्या खेपेला तुम्ही जाल तेव्हा ढग पाहून झाले की एक गोष्ट मुद्दाम पाहा. शौचालयाच्या दारावर किंवा दाराशेजारी एक छोटीशी ॲश-ट्रे बसवलेली असते. वर सिगरेटवर लाल काट मारलेली पाटी आणि जवळच ॲश-ट्रे! जेवायला येऊ नका म्हणायचं आणि पाटही मांडून ठेवायचा, ही कुठली रीत, असं वाटतं ना? पण त्यामागे फार मोठी किंमत मोजलेली आहे.

गेल्या मे महिन्यात शारजाला बहिणीकडे गेले होते. येताना मुंबई तासाभरावर आली असेल, तोच मागच्या बाजूला कर्कश घंटी वाजू लागली. दोन हवाईसुंदरी धावत गेल्या. शौचालयातून पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ बाहेर आले आणि पाठोपाठ सिगरेटचा वास. त्यातली एक मुलगी जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची. तिने एकच विचारलं, "सर, थोटूक कुठे टाकलंत?" झालं! गृहस्थांचा पारा चढला. "तू मला शिकवणार? पैसे मोजलेत मी तिकिटाचे!" मुलगी हलली नाही. तिने आत जाऊन कचऱ्याची पेटी तपासली, पाणी ओतलं, आणि पुन्हा शांतपणे समोर उभी राहिली. आजूबाजूचे लोक खिडकीबाहेर पाहू लागले. कुणीतरी पुटपुटलंदेखील, "जाऊ दे ना, एक सिगरेटच तर होती."

माझ्या शेजारी साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "आरं बाबा, घराला आग लागली तर मानूस अंगणात तरी पळतंय. हितं कुठं पळायचं?" सगळी रांग गप्प झाली. गृहस्थही जागेवर जाऊन बसले. मुंबईला उतरल्यावर सुरक्षा कर्मचारी त्यांना बाजूला घेऊन गेले.

आजींनी जे एका वाक्यात सांगितलं, ते जगाला शिकायला माणसं गमवावी लागली. 11 जुलै 1973 रोजी ब्राझीलच्या वारिग कंपनीचं विमान रिओहून पॅरिसला येत होतं. विमानतळ अवघ्या काही मिनिटांवर असताना मागच्या शौचालयात आग लागली. वैमानिकाने विमान कसंबसं शेतात उतरवलं, पण तोवर धुराने घात केला होता. 134 जणांपैकी 123 दगावले. आगीचं कारण नक्की सिद्ध झालं नाही, पण कागदाच्या कचऱ्यात पडलेल्या जळत्या सिगरेटचा दाट संशय होता. त्यानंतर अमेरिकेने शौचालयात धूम्रपानाला बंदी केली आणि दाराजवळ ॲश-ट्रे सक्तीची केली. म्हणजे नियम मोडणारा कुणी निघालाच, तर त्याचं थोटूक निदान कागदात पडू नये!

पण जागेवर बसून ओढायला मात्र तेव्हा मोकळीक होती. 1973 पासून अमेरिकेत न ओढणाऱ्यांसाठी वेगळ्या रांगा ठेवल्या गेल्या. एकाच माजघरात अर्ध्या भागात चूल पेटवायची आणि उरलेल्या अर्ध्यात धूर यायचा नाही म्हणायचं, त्यातलाच प्रकार! प्रवासी चार तासांनी उतरून जात. त्या धुरात रोज चहा-जेवण वाढणाऱ्या हवाईसुंदरींचं काय? नॉर्मा ब्रॉइन ही अमेरिकन हवाईसुंदरी. आयुष्यात कधी सिगरेट न ओढलेली, तरी ऐन तिशीत तिला फुप्फुसाचा कर्करोग झाला. 1991 साली तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तंबाखू कंपन्यांवर दावा लावला. 1997 साली तडजोड होऊन कंपन्यांना संशोधनासाठी 30 कोटी डॉलर द्यावे लागले. तोवर बंदीही पायरीपायरीने आली होती. अमेरिकेत 1988 साली दोन तासांपर्यंतच्या उड्डाणांवर, 1990 साली देशातल्या जवळजवळ सर्व उड्डाणांवर, आणि 2000 साली परदेशी ये-जा करणाऱ्या विमानांवरही.

मग आता एवढं सगळं ठाऊक असूनही माणसं अशी का वागतात? तलफ हे एक कारण, आणि दुसरं मद्य. विमानाच्या आतली हवा सात-आठ हजार फूट उंचीवर असावी तशी विरळ असते, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही विरळ. त्यात पोटात दारू गेली की आधीच तापट असलेल्या माणसाला आवरणं कठीण. म्हणून 1963 च्या टोकियो कराराने विमानाच्या कप्तानाला अशा प्रवाशाला प्रसंगी बांधून ठेवण्याचाही अधिकार दिला. आपल्याकडे त्यासाठी 1975 साली कायदा झाला. 2017 साली तर उद्धट प्रवाशांची यादीच ठेवायचं ठरलं. शिवीगाळ केली तर तीन महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकला तर सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतेल असं वागलं तर दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ विमानबंदी.

कायदा आहे हो, पण तो सांगायला उभी असते ती एकटी मुलगी, आणि बघे आपण! मी शाळेत अर्धवेळ शिकवते. वर्गात एकाने दंगा केला तर बाकीची मुलं कुणाकडे पाहतात, त्यावर पुढचं सगळं ठरतं, हा रोजचा अनुभव. विमानातही तेच. आपण स्वतः भांडायला जायची गरज नाही. धुराचा वास आला की लगेच घंटीचं बटण दाबा. तिला कुणी अरे-तुरे करू लागला तर "त्या बरोबर सांगताहेत" एवढं तरी ऐकू जाईल असं म्हणा. मोबाईलवर चित्रीकरण करत वाटेत उभ्या मात्र राहू नका.

आणि घरच्याच माणसाला सिगरेटची सवय असेल तर लांबच्या प्रवासाआधी डॉक्टरांना विचारून निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगगमची सोय करा. फुकट मिळतं म्हणून मद्याचा दुसरा पेला नको, हे घरूनच ठरवून निघा. आपल्या माणसाला आपण बजावणं सोपं. तीस हजार फुटांवर ते काम परक्या मुलीवर कशाला टाकायचं?