गज खाली ठेवताना

व्हायोलिनच्या नोटेशनमध्ये ‘पिझिकातो’ असं दिसलं की गज थांबतो आणि उजव्या हाताची तर्जनी तारेकडे वळते. ‘पिझिकारे’ म्हणजे चिमटा काढणं, या इटालियन क्रियापदावरून हा शब्द आला. नवशिक्यांना ही जागा सोपी वाटते. मला ती या वाद्यावरची सर्वांत कसोटीची जागा वाटते.

गजाने लावलेला स्वर सुरू झाल्यावरही आपल्या हातात असतो; तो फुलवता येतो, सावरता येतो. छेडलेला स्वर मात्र उमटताक्षणीच ओसरू लागतो. त्यामुळे सगळी तयारी आधी करावी लागते. घोडीजवळ छेडलं तर आवाज कोरडा येतो, म्हणून बोट फिंगरबोर्डाच्या टोकाशी न्यायचं. तारेला नख लागू द्यायचं नाही, बोटाचा मांसल भाग लावायचा. डाव्या हाताचं बोट घट्ट दाबलेलं हवं आणि छेडून झाल्यावरही ते तिथेच राहायला हवं. ते घाईने उचललं की स्वर तुटलाच.

या तंत्राची एक फार जुनी लेखी सूचना मोंतेव्हेर्दीच्या रचनेत आहे. तांक्रेदी आणि क्लोरिंदा यांचं द्वंद्व त्याने तास्सोच्या महाकाव्यातून घेतलं. ते १६२४ मध्ये व्हेनिसला मोचेनिगो यांच्या वाड्यात सादर झालं आणि १६३८ मध्ये छापलं गेलं. तिथे ‘पिझिकातो’ हा शब्द नाही. गज सोडा आणि दोन बोटांनी तारा ओढा, असं सरळ सांगितलं आहे. ही सूचना येते ती तलवारींच्या मुठी, शिरस्त्राणं आणि ढाली एकमेकांवर आदळतात त्या प्रसंगी. म्हणजे छेडलेल्या तारेचं तिथलं काम आघाताचं होतं.

पुढे चायकॉव्हस्कीने चौथ्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात सगळ्या तंतुवाद्यांचे गज शेवटपर्यंत बाजूला ठेवले आणि तिथे हेच तंत्र चपळ, खेळकर झालं. बार्टोकच्या १९२८ च्या चौथ्या क्वार्टेटमध्ये एक अख्खा भाग छेडूनच वाजवायचा आहे. त्यात काही ठिकाणी तार इतकी जोरात ओढायची, की ती फिंगरबोर्डावर आपटते. तो आघात पुन्हा ऐकू येतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना गजाचा पलटा आधी छेडून वाजवायला लावते. स्वर मनात स्पष्ट ऐकू आल्याशिवाय बोट हलवायचं नाही. मग ‘आर्को’ म्हणून गज पुन्हा हातात आला की त्यांच्या प्रत्येक स्वराचा आरंभ नेमका होतो. चाचपडत लागलेला स्वर नंतर सावरून घ्यायची सवय सुटते.