लपण

आमच्या ओटीवर खिळ्याला एक ठासणीची बंदूक टांगलेली असते. परवाना शेतसंरक्षणाचा, म्हणजे माकडं आणि रानडुकरं यांच्यासाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकाल लागल्यावर चार दिवस पाहुणचार झोडून आल्यासारखी परत येते. तात्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती शेवटची कधी उडवली हे घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. पण तरुणपणी ते हिनेच खाडीतली बदकं मारत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कारण ते स्वतःच सांगतात, आणि दर वेळी बदकांचा आकडा थोडा वाढतो.

मला बदकं मारायची नव्हती, पाहायची होती. एका मित्राच्या दुर्बिणीनं हे वेड लावलं. थिबा पॉइंटवर उभं राहिलं की भाट्याची खाडी पायाशी पसरलेली दिसते. पण तिथून बदक म्हणजे पाण्यावरचा तीळ. होडीतून जवळ जावं, तर आपण शंभर हातांवर असतानाच सगळा थवा उठून जातो. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. अशा प्राण्याच्या पाठीमागून जाण्याची कल्पनाच फोल.

"लपण बांध," तात्या म्हणाले. "होडीवरच."

राजिवड्याच्या एका चाचांनी आपलं चौदा फुटी होडकं आठवडाभर वापरायला दिलं. मी उत्साहानं बाजारातून निळी ताडपत्री आणि नायलॉनची दोरी घेऊन आलो. तात्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मेल्या, लग्नाचा मांडव घालतोयस काय खाडीत?"

मग खरं काम सुरू झालं. चिवारीच्या काठ्या वाकवून दोन्ही कडांना कमानी बांधल्या. गाठी सगळ्या सुंभाच्या, कारण नायलॉन उन्हात चकाकतं. कमानींवर चाचांचंच एक फाटकं जाळं ताणलं, आणि त्याच्या घरांत नारळाच्या वाळक्या झावळ्या नि भाताचा पेंढा अडकवत गेलो. कांदळाचे चार हिरवे फाटे तोडून आणले तर किती छान दिसेल, असं मला वाटलं होतं. पण कांदळवनावर कोयता चालवणं हा आता गुन्हा आहे. २०२० साली तर पांढऱ्या चिप्पीला राज्याचं कांदळवृक्ष म्हणून मानही मिळाला. तात्यांना ही बातमी सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं झालं. आम्ही पुष्कळ तोडली."

पहिलं लपण मी पुरुषभर उंच केलं. पाण्यात लोटताच वारा त्यात शिडासारखा भरला आणि होडकं गोल फिरून धक्क्याला जाऊन आदळलं. तात्या काठावर बसून मनसोक्त हसले. दुसरं काठापासून साडेतीन फूट उंच केलं, आत पाटलीवर न बसता तळाशी गोणपाट घालून बसायचं. वरूनही झाकलं, कारण बदक आधी वरून घिरट्या घालतं, आणि वर पाहणारा माणसाचा चेहरा त्याला ताटासारखा चमकताना दिसतो. होडी लावायची ती वारा पाठीवर घेऊन. बदक उतरतं ते नेहमी वाऱ्याकडे तोंड करून, म्हणजे ते आपल्या समोरून येतं. ही सारी विद्या तात्यांना कुणी शिकवली, ते ठाऊक नाही. ती मारण्यासाठी मिळवलेली होती, एवढं मात्र खरं. माझ्यासाठी त्यांनी तिच्यात एकच बदल केला. बंदुकीला एक भोक पुरतं. मला त्यांनी तिन्ही बाजूंना चार-चार बोटांच्या फटी ठेवायला लावल्या.

काम करताना मी त्यांना सालिम अलींची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीनं एक पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, ती ओळखायला म्हणून ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि पुढे पक्ष्यांचेच झाले. माझा अंतस्थ हेतू असा, की तात्यांनीही काहीतरी पश्चात्तापाचं बोलावं. त्यांनी सुंभाची गाठ दातांनी आवळली. "त्यांची ती चिमणी होती. आमचं कालवण होतं."

रविवार ठरवला. तिथी अष्टमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आठाचे सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती. मोठ्या ऐटीत मी हा हिशेब मांडला. काजळीच्या पात्रातून वर गेलो आणि फुटक्या बांधाच्या खाजणात शिरलो. सात वाजले, साडेसात झाले, बदकांचा पत्ता नाही. निघू या, असं तात्या दोनदा म्हणाले, आणि मी दोनदा थांबवलं. आठ वाजता होडीचा तळ चिखलाला लागला. दोघांनी वल्ही रोवून पाहिली. वल्हं हातभर आत गेलं, होडी तसूभर हलली नाही.

"वेळ बरोबर काढलीस," तात्या म्हणाले, "पण आज भांग. उधाण नव्हे. मुळात पाणीच चढलं नव्हतं, ते विसरलास." आता पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे दुपारी चार-साडेचारपर्यंत, सुटका नव्हती. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा, तांदळाच्या चार भाकऱ्या आणि एक पाण्याची बाटली. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. आईचा फोन खिशात दोनदा थरथरला. मी घेतला नाही.

नऊच्या सुमाराला ती आली. बाहेर खाडीचं पाणी ओसरलं होतं, खाजणाच्या खोलगट भागात मात्र तळं उरलं होतं, आणि आमची होडी नेमकी त्याच्या काठाला रुतलेली. आधी चार हळदीकुंकू. चोचीच्या बुडाशी कुंकवाचे ठिपके, टोकाला हळद. मग तलवार बदकांची एक लांब शेपटीची जोडी. मग पांढऱ्या भुवईचे नर आणि त्यांच्या साध्या तपकिरी माद्या, दूर उत्तरेतून हिवाळ्याला आलेल्या. वीस हातांवर. पाण्यात चोच चालवल्याचा बारीक चुळचुळ आवाज येत होता.

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांचा डावा हात पुढे आला होता आणि उजव्या हाताची तर्जनी वाकली होती. कितीतरी वेळ ते तसेच होते. मग बोट सरळ झालं आणि हवेत एकेक टिंब देऊ लागलं.

"एकोणीस," ते पुटपुटले.

"पूर्वी किती असायची?"

"कोण जाणे. तेव्हा पडलेली मोजायचो. उरलेली कोण मोजतो?"

मला भरतपूर आठवलं. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तो आकडा दगडावर कोरून ठेवला आहे. त्या दिवशी उडून गेलेल्यांचा आकडा कुठल्याच दगडावर नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनं हौशी शिकारीचे परवानेच संपले. पण मोजायची सवय लागायला माणसाला एवढं रुतावं लागतं की काय, कुणास ठाऊक.

हे मी तात्यांना सांगणार होतो. पण ते पुन्हा मोजत होते, कारण एक मादी चिपाडाआड गेली होती आणि आकडा अठरा भरत होता. दुपारी आम्ही भाकरी खाल्ली, ती तोंड न वाजवता. साडेचारला तळाखाली पाणी सळसळलं आणि होडी किंचित डुलली. मी वल्हं उचललं.

तात्यांनी माझा हात दाबला. "दमानं. झोपलीत अजून."

आम्ही वल्हं न मारता, नुसत्या काठीनं चिखल रेटत, मागच्या मागे बाहेर आलो. अंधार पडता पडता धक्क्याला लागलो. आई उभीच होती.